पायातल्या बुटाचा ताळेबंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पर्यावरण या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाने पर्यावरणावर काय बोलावं? ओझोनचा थर, हिमनद्या, ध्रुवावरची अस्वलं यांविषयी माझ्यापेक्षा शाळकरी मुलांना जास्त माहिती आहे. तेव्हा मी म्हटलं, आपण आपल्या उंबरठ्यापासूनच सुरुवात करू. संध्याकाळी आपल्या कुठल्याही मजल्यावर जा. दारापुढे काय दिसतं? चपलांचं कपाट, आणि त्याच्यावर, खाली, बाजूला स्नीकर्स. पांढरे, काळे, पोपटी, रात्री चमकणारे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा घरटी एखादा बूट असायचा, तोही ऑफिसचा. आज आमच्या घरी माणसं पाच आणि बूट किती, ते आमच्या सूनबाईंच्या परवानगीशिवाय मी सांगणार नाही!

तर आजचा विषय आहे स्नीकर. हा बूट बनतो कशाचा, त्याची खरी किंमत किती, तो टाकल्यावर जातो कुठे आणि आपण काय करू शकतो, एवढंच मी सांगणार आहे. शेवटी एक मागणं आहे, ते ऐकल्याशिवाय कुणी चहाकडे वळू नये.

नावाची गंमत

इंग्रजीत 'स्नीक' म्हणजे गुपचूप सरकणे. चामड्याच्या तळाचा बूट टॉकटॉक वाजायचा, रबराच्या तळाचा वाजत नसे, म्हणून अमेरिकेत त्याला स्नीकर म्हणू लागले. हे रबर बुटाला चालेल असं झालं ते चार्ल्स गुडइयर या माणसामुळे. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत कडक होऊन तडकतं. त्याने त्यात गंधक घालून उष्णता दिली, तेव्हा ते टिकाऊ झालं. या क्रियेचं पेटंट त्याला १८४४ साली मिळालं. पुढे १९१६-१७ च्या सुमाराला अमेरिकेत केड्स आणि कॉनव्हर्स ऑल स्टार हे बूट बाजारात आले. वर कॅनव्हासचं कापड, खाली रबर, संपला बूट.

आपल्या पिढीने शाळेत घातले ते पांढरे कॅनव्हासचे बूट याच जातीचे. शनिवारी पी.टी.साठी आदल्या रात्री त्यांना पांढरा रंग फासायचा आणि सकाळी मैदानात गेल्यावर पावलागणिक पांढरी भुकटी उडायची. अंगठ्यापाशी भोक पडलं तरी आणखी सहा महिने ते चालायचे, कारण नवे कधी घ्यायचे हे आपले पाय ठरवत नसत, वडील ठरवत असत.

आजचा बूट दिसायला त्याचाच नातू, पण आतून फार वेगळा आहे. वरचं जाळीदार कापड पॉलिएस्टरचं, म्हणजे पेट्रोलियमपासून बनलेलं. मधला मऊ थर ईव्हीए किंवा पॉलियुरेथेनच्या फोमचा, तोही पेट्रोलियमचाच. खालचा तळ बहुधा कृत्रिम रबराचा. नाडीच्या टोकाला प्लॅस्टिक, टाचेत आणखी एक कडक प्लॅस्टिक, कडेला छापलेली पट्टी, आणि हे सगळं एकमेकांना धरून ठेवणारा गोंद. आपण कापडाचा बूट म्हणून जो घालतो, तो मुख्यतः खनिज तेलाचा बूट असतो.

चौदा किलोचा हिशेब

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, म्हणजे आकड्यांकडे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २०१३ साली धावण्याच्या बुटांच्या एका जोडाचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब मांडला. त्या जोडात ६५ वेगवेगळे भाग होते आणि ते बनवून जोडायला ३६० टप्पे लागत होते. एका जोडामागे हवेत जाणारा कार्बन वायू भरला सुमारे १४ किलो. जोडाचं स्वतःचं वजन अर्धा-पाऊण किलो आणि त्याची सावली १४ किलोची!

आपल्या भाषेत सांगायचं तर, आपल्या देशात एक युनिट वीज तयार करताना सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन वायू निघतो. म्हणजे एक जोड बूट म्हणजे जवळजवळ २० युनिट वीज. आपण जिन्यातले दिवे एलईडी केले, त्यासाठी दोन सर्वसाधारण सभा भांडलो. चपलांच्या कपाटाबद्दल मात्र एकही सभा झालेली नाही.

वरवरचा हिशेब करा. ८० घरं धरा, घरटी चार माणसं, माणशी दोन जोड. ६४० जोड झाले. गुणिले १४, म्हणजे जवळपास नऊ टन. आणि हे फक्त एका इमारतीच्या दारापुढचं. जगात दरवर्षी दोन हजार कोटींहून अधिक पादत्राणांचे जोड बनतात. २०१८ सालच्या एका अभ्यासानुसार जगाच्या एकूण उष्णतावाढीच्या वायूंपैकी १.४ टक्के वाटा एकट्या पादत्राणांच्या धंद्याचा आहे. टक्का लहान वाटतो, पण बँकेत आम्ही पाव टक्क्यासाठी ठेवीदारांना दुसऱ्या बँकेत जाताना पाहिलं आहे.

एमआयटीच्या हिशेबात आणखी एक महत्त्वाची गोष्ट निघाली. या १४ किलोंपैकी जवळपास दोन तृतीयांश भाग कारखान्यात बूट बनवतानाच खर्ची पडतो. लहान लहान भाग साच्यात ओतायचे, तापवायचे, शिवायचे, चिकटवायचे, आणि त्यासाठी लागणारी वीज बहुतेक कोळशावरची. गाडीचं तसं नाही. गाडी वापरताना पेट्रोल जाळते. बूट वापरताना काहीच जाळत नाही. जे काही व्हायचं ते तुम्ही खोका उघडण्याआधीच होऊन गेलेलं असतं.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बँकेत आम्ही घसारा धरायचो. कॉम्प्युटर घेतला की त्याची किंमत त्याच्या आयुष्याच्या वर्षांवर वाटायची. तसंच इथे. १४ किलो एका वर्षात वाटले तर वर्षाला १४. तोच जोड दोन वर्षं चालवला तर वर्षाला सात. काही शोध लावायला नको, काही विकत घ्यायला नको, आकडा निम्म्यावर आला!

टाकलेला बूट जातो कुठे

आपण मुलुंडकर आहोत. कचरा 'टाकतात' म्हणजे तो कुठेतरी नाहीसा होतो, अशी समजूत आपली तरी असू नये. पूर्वेच्या डंपिंगचा वास वारा फिरला की आपल्या गॅलरीत यायचा, ते कुणी विसरलेलं नाही. २०१८ साली ते डंपिंग बंद झालं. तिथला सुमारे सत्तर लाख टन जुना कचरा उपसून वेगळा करण्याचं काम महापालिकेने काढलं. अशा कामात माती चाळून निघते, काच आणि लोखंड बाजूला होतं, आणि कुजता न आलेल्या चिंध्या, प्लॅस्टिक, रबर, चपला-बूट उरतात. भाजीची देठं केव्हाच माती झालेली असतात. बूट बूटच राहतो.

तुम्ही म्हणाल, मग पुनर्वापर करा. इथेच मेख आहे. बाटली एका प्लॅस्टिकची असते, वितळवली की झालं. बुटात आठ-दहा जातींचे पदार्थ एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करायला नव्या बुटापेक्षा जास्त खर्च येतो. म्हणून भंगारवालासुद्धा रद्दी घेतो, पत्रा घेतो, बूट घेत नाही. भंगारवाला ज्या वस्तूला हात लावत नाही, तिची बाजारातली किंमत शून्य समजावी. त्याच्याइतका चोख मूल्यांकन करणारा अधिकारी मी बँकेतही पाहिला नाही.

आणि सगळाच बूट काही कचऱ्यात जात नाही. तळ झिजतो, म्हणजे काय होतं? तो रस्त्यावर भुकटी होऊन पडतो, पावसाबरोबर नाल्यात आणि तिथून खाडीत जातो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०१८ साली अंदाज मांडला होता की तिथे माणशी वर्षाला शंभर ग्रॅमच्या आसपास एवढे प्लॅस्टिक-रबराचे कण नुसत्या बुटांच्या झिजेतून सुटतात.

एक विनंती इथेच करून ठेवतो. थंडीत शेकोटी पेटवताना आपले वॉचमन किंवा मुलं जुने बूट-चपला त्यात टाकतात. स्वस्त चपलांत पीव्हीसी असतं आणि त्याचा धूर विषारी असतो. कृपा करून हे थांबवा.

वस्तू टिकते, हौस टिकत नाही

मे १९९० मध्ये कोरियाहून अमेरिकेकडे निघालेलं 'हान्सा कॅरियर' नावाचं जहाज पॅसिफिक महासागरात वादळात सापडलं आणि त्यावरचे काही कंटेनर पाण्यात पडले. त्यांत नाइकेचे साठ हजारांहून अधिक बूट होते. पुढचे कित्येक महिने ते अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यांना लागत राहिले. शास्त्रज्ञांनी त्यावरून समुद्राच्या प्रवाहांचा अभ्यास केला. पण मला आवडली ती पुढची गोष्ट. एवढे महिने खाऱ्या पाण्यात राहून ते बूट धुतल्यावर घालण्याजोगे होते! फक्त डावा एका गावाला आणि उजवा दुसऱ्या गावाला. मग किनाऱ्यावरच्या लोकांनी चक्क अदलाबदलीचे मेळावे भरवले, जोड्या जुळवल्या आणि वापरल्या.

जो माल समुद्रात महिनोन् महिने टिकतो, तो आपल्या घरात वर्षभरात 'जुना' कसा होतो? बहुतेक वेळा बूट फाटलेला नसतोच, फक्त नवा रंग आलेला असतो.

कंपन्या काय करताहेत

कंपन्या काहीच करत नाहीत असं मी म्हणणार नाही. नाइकेच्या हवा भरलेल्या तळात पूर्वी एसएफ-सिक्स नावाचा वायू असे. उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन वायूपेक्षा वीस हजार पटींहून अधिक प्रभावी. त्यावर बाहेरून टीका झाली, वर्षानुवर्षं प्रयोग झाले आणि २००६ पर्यंत त्याच्या जागी साधा नायट्रोजन आला. लोकांनी विचारणा केली की बदल होतो, फक्त वेळ लागतो.

२०१९ मध्ये आदिदासने एकाच जातीच्या प्लॅस्टिकचा, गोंद न वापरता जोडलेला बूट दाखवला. हेतू हा की जुना झाल्यावर तो अख्खा वितळवून पुन्हा बूट बनवता यावा. नाइके १९९० च्या दशकापासून जुने बूट गोळा करून त्यांचा भुगा खेळाच्या मैदानांना वापरते. आपल्याकडे आशय भावे या तरुणाने 'थैली' नावाचा बूट काढला, एका जोडाला दहा प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बारा बाटल्या लागतात. श्रेयांस भंडारी आणि रमेश धामी या दोघा धावपटूंनी 'ग्रीनसोल' सुरू केलं. जुन्या बुटांचे तळ काढून त्यांच्या चपला करायच्या आणि अनवाणी शाळेत जाणाऱ्या मुलांना द्यायच्या. हे मला सगळ्यांत पटतं, कारण त्यात बूट भट्टीत न जाता पुन्हा पायातच जातो.

पण एक सावधगिरीही सांगतो. सिंगापूरमध्ये जुने बूट गोळा करून त्यांपासून क्रीडांगणं बनवण्याची योजना जाहीर झाली होती. रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांनी अकरा जोडांच्या तळात माग काढणारं यंत्र लपवून ते त्या पेट्यांत टाकले. २०२३ साली त्यांनी छापलं की एकाही जोडाचं क्रीडांगण झालं नाही, बरेचसे इंडोनेशियात जुन्या मालाच्या बाजारात पोहोचले. म्हणून खोक्यावर हिरवं पान छापलं की बूट हिरवा झाला, असं समजू नका. आम्ही बँकेत कर्जदाराचं हसू पाहून कर्ज देत नव्हतो, कागद बघत होतो.

युरोपात आता कायदेही येताहेत. न खपलेले कपडे आणि बूट नष्ट करायला तिथल्या मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून बंदी आहे. फ्रान्समध्ये २०२३ च्या नोव्हेंबरपासून कपडे आणि बूट दुरुस्त करणाऱ्याला बिलात सवलत मिळते. फ्रान्ससारख्या श्रीमंत देशाने मोच्याकडे जाणाऱ्या माणसाच्या हातावर पैसे ठेवावेत, हे मला फार बोलकं वाटतं. तिथे दुरुस्ती करणारे हात कमी झाले, म्हणून सरकारला पैसे मोजावे लागताहेत. आपल्याकडे ते हात अजून आहेत.

घरच्या घरी

आता थोड्या कामाच्या गोष्टी. पुष्कळांचा अनुभव असेल, लग्नाला किंवा सहलीला घालायचे म्हणून चांगले बूट माळ्यावर जपून ठेवतात. चार-पाच वर्षांनी काढतात, आणि स्टेशनपर्यंत पोहोचायच्या आत तळाचा चुरा होतो! दुकानदाराने फसवलं असं आपण म्हणतो. पण पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो, आणि आपल्या मुंबईच्या हवेला ओलाव्याची काय कमतरता? न वापरताही तो मरतो. म्हणून सेलमध्ये दोन जोड जास्तीचे घेऊन ठेवणं ही बचत नव्हे, ती बुडीत ठेव आहे. लागेल तेव्हा घ्या आणि घेतला की घाला.

बूट वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, जुन्या टूथब्रशने साबणपाणी लावून घासा. कडक उन्हात वाळवू नका, गोंद सुटतो. पावसाळ्यात भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ते ओल शोषून घेतात. रोज चालायला जाणाऱ्यांनी शक्य असल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावेत, घाम सुकायला वेळ मिळतो. आणि तळ कडेने उघडायला लागला की त्याच आठवड्यात शिवून घ्या. एक बोट उघडलेला तळ दुरुस्त होतो, हातभर उघडलेला होत नाही.

मुलांच्या बुटांचं वेगळं आहे. त्यांचा बूट फाटण्याआधी पाय वाढतो. जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आपण लहान झालेल्या बुटांची मांडणी करू. नंबर लावून ठेवायचे, ज्याला जे बसेल ते त्याने न्यायचं. आपण सगळे थोरल्या भावाचे कपडे आणि चुलतभावाची पुस्तकं वापरूनच मोठे झालो, त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. जे उरतील ते गरजूंपर्यंत पोहोचवू.

आणि आता मागणं

आपल्या गेटच्या उजव्या हाताला, पिंपळाखाली मोचीदादा बसतात. आपण राहायला आलो त्याच्याही आधीपासून ते तिथे आहेत. आरी, रापी, सोल्यूशनचा डबा आणि वर एक ताडपत्री, एवढंच त्यांचं दुकान. पूर्वी त्यांच्याकडे चामड्याच्या चपला यायच्या. आता नव्वद टक्के स्नीकर्स येतात, असं ते म्हणतात. हे बूट दुरुस्त व्हावेत म्हणून बनवलेलेच नसतात. कारखान्यातल्या इंजिनियरने दुरुस्तीचा विचार केला नाही, पण मोचीदादांनी केला. चिकटवलेल्या तळाला ते कडेने जाड दोऱ्याची शिलाई घालतात, आणि पन्नास-साठ रुपयांत त्या बुटाचं आयुष्य वर्षाने वाढतं. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपण सगळ्यांनी अभिमानाने फॉरवर्ड केलं. बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं, हाताची शिलाई आणि झिजली की पुन्हा तळ लावायची सोय, ही त्या चपलेची ओळख. ते शिवणारे हात आणि आपल्या पिंपळाखालचे हात एकाच विद्येचे आहेत.

आता मुद्द्यावर येतो. गेटच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आहे. नकाशा मी पाहिला. छान आहे, कारंजं आहे, कुंड्या आहेत, पिंपळाला पार आहे. मोचीदादांची जागा मात्र त्यात नाही. तिथे शोभेच्या झाडांचा वाफा दाखवला आहे. समितीने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. आराखडा काढणाऱ्याला ते दिसलेच नसतील.

माझी सूचना अशी. वाफा चार फुटांनी मागे घ्यावा. कंपाउंडच्या आत, वॉचमनच्या केबिनला लागून, सहा फूट बाय चार फुटांची जागा सोडावी. वर पत्रा आणि एक दिवा. भाडं घेऊ नये. मोचीदादांनी होकार दिला आहे, त्यांचा पुतण्याही शिकायला येईल म्हणतात, पण बसायला पक्की जागा असेल तरच. म्हणजे प्रश्न एका माणसाचा नाही. ही जागा गेली तर ती विद्या या गल्लीतून जाईल आणि पुढच्या वेळी तळ उघडला की आपल्याला कचऱ्याचा डबाच उरेल.

खर्चाचा अंदाज मी घेतला आहे, तो कारंज्याच्या मोटरपेक्षा कमी आहे. आणि परतावा? आपल्या त्या ६४० जोडांपैकी निम्मे जरी एक वर्ष जास्त चालले, तरी ३२० नवे जोड वर्षभर लांबणीवर पडतात. म्हणजे साडेचार टनांच्या आसपास कार्बन वायू, आणि घराघरांतले वाचलेले पैसे वेगळेच. पस्तीस वर्षांत मी पुष्कळ प्रकल्प अहवाल वाचले. एवढ्या कमी भांडवलावर एवढा परतावा दाखवणारा एकही प्रस्ताव माझ्या टेबलावर आला नव्हता.

ठराव मी लेखी दिला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदकाची जागा रिकामी आहे. सभेला या, हात वर करा. आणि येताना घरातला तळ सुटलेला एक तरी बूट पिशवीत घालून आणा. मोचीदादा त्या संध्याकाळी सातपर्यंत बसणार आहेत.